पुढच्या अंकापुरता कागद

साधारण सात इंच बाय नऊ इंचांचा एक कागद. आडवा धरलेला, मधोमध दोन भाग केलेले. उजव्या भागात वर कादंबरीचं नाव आणि अंकाचा क्रमांक, खाली प्रकरणांचे मथळे. डाव्या भागात तुटक टाचणं आणि प्रश्न: अमक्याला या अंकात आणायचं का, तमकीला अजून थांबवायचं का, याला आता मारायचं का. प्रश्नांपुढे एकदोन शब्दांची उत्तरं: हो, नाही, अजून नाही, पुढच्या खेपेला. काही ठिकाणी उत्तराची शाई प्रश्नाच्या शाईहून वेगळी दिसते. प्रश्न एका बैठकीत पडला आणि उत्तर दुसऱ्या बैठकीत सापडलं, असा तर्क त्यावरून करता येतो.

हे चार्ल्स डिकन्सचे कामाचे कागद आहेत. ‘डॉम्बी अँड सन’पासून (१८४६-४८) पुढच्या मासिक अंकांतल्या कादंबऱ्यांसाठी त्याने अंकागणिक असा एकेक कागद केला. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’, ‘ब्लीक हाउस’, ‘लिटल डॉरिट’, ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ आणि अपुरी राहिलेली ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’, या सगळ्यांचे कागद उरले आहेत. साप्ताहिकात आलेल्या ‘हार्ड टाइम्स’चेही आहेत. त्याआधीच्या कादंबऱ्यांची मात्र तुरळक टाचणंच मिळतात. जॉन बट आणि कॅथलीन टिलटसन यांनी १९५७ साली या कागदांच्या आधारे डिकन्सची काम करण्याची रीत मांडली. १९८७ मध्ये हॅरी स्टोनने त्यांच्या प्रतिमा आणि वाचन एकत्र छापलं, तेव्हापासून ते कुणालाही तपासता येतात.

डिकन्सच्या कल्पनाशक्तीची ख्याती एवढी मोठी आहे, की त्याने हे कागद कशासाठी केले असतील हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पुढचं आठवावं, सुचलेलं निसटू नये म्हणून केले, हे वरवरचं उत्तर झालं. कागद, पत्रं, मुद्रितं आणि करार शेजारी ठेवून पाहिले तर वेगळंच चित्र दिसतं. डिकन्सला पुढच्या गोष्टींपेक्षा मागच्या गोष्टींची काळजी अधिक घ्यावी लागत होती. महिन्याच्या अखेरीस अंक बाहेर पडला की तो त्याच्या हातून कायमचा गेला. त्यातलं एक वाक्यही परत घेता येत नव्हतं. पुढचा प्रत्येक अंक म्हणजे त्या न बदलणाऱ्या छापील मजकुराशी केलेली नवी तडजोड होती.

कागद उरले कसे

१८६०च्या सप्टेंबरात डिकन्सने गॅड्स हिलच्या घरामागच्या मोकळ्या जागेत वीसेक वर्षांत आलेली पत्रं जाळली. त्यामुळे त्याला इतरांनी काय लिहिलं हे बहुतांशी गेलं. त्याने इतरांना लिहिलेलं मात्र ज्याच्या त्याच्या घरी सुरक्षित राहिलं. १९६५ ते २००२ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रव्यवहारात चौदा हजारांहून अधिक पत्रं आहेत. हा संवाद एकतर्फी आहे, हे ती वाचताना विसरून चालत नाही.

हस्तलिखितांचं नशीब निराळं. त्यांतली बरीचशी डिकन्सने आपला मित्र जॉन फॉर्स्टर याच्याकडे दिली. फॉर्स्टर १८३७पासून त्याची मुद्रितं वाचत होता, करारांत मध्यस्थी करत होता, प्रसंगी कातरीही चालवत होता. १८७६ साली तो वारला आणि त्याचा संग्रह मृत्युपत्राने साउथ केन्सिंग्टन म्युझियमकडे गेला. आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ते हेच. बाहेर गेलेली हस्तलिखितं थोडी. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चं बाड डिकन्सने चॉन्सी हेअर टाउनशेंड या मित्राला भेट दिलं, ते विस्बीचच्या संग्रहालयात आहे. ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चं न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात पोचलं.

फॉर्स्टरने १८७२ ते १८७४ मध्ये तीन खंडांत डिकन्सचं चरित्र लिहिलं. लेखनाच्या काळातली सर्वांत महत्त्वाची पत्रं त्यालाच आलेली, आणि त्यांतल्या पुष्कळांची मूळ प्रत आज नाही. चरित्रात जेवढं उतरलं तेवढंच उरलं. फॉर्स्टर पत्रं कापून वापरायचा, दोन पत्रांतले मजकूर जोडायचा, स्वतःचं महत्त्व कमी होणार नाही याचीही काळजी घ्यायचा. म्हणून त्याचा पुरावा टाकून देता येत नाही आणि एकट्याच्या बळावर घेताही येत नाही. त्याला पडताळायला कामाचे कागद, हस्तलिखित आणि मुद्रितं हेच तीन साक्षीदार आहेत. पुढची मांडणी याच पद्धतीने केली आहे.

बत्तीस पानं

डिकन्सच्या मासिक कादंबरीचा साचा ठरलेला होता. एका अंकात छापील ३२ पानं, म्हणजे सोळापानी दोन फर्मे. दोन चित्रं. किंमत एक शिलिंग. एकूण २० अंक, पण शेवटचे दोन एकत्र, म्हणजे प्रत्यक्षात १९ महिने. या ३२ पानांसाठी डिकन्सच्या हस्ताक्षरातली साधारण तीस पानं लागत. अंक महिन्याच्या शेवटी दुकानांत जायचा, त्यामुळे मजकूर त्याआधी पुरेसे दिवस छापखान्यात हवा. शिवाय चित्रकार हॅब्लट ब्राउनला पत्र्यावर कोरायला वेळ लागे, म्हणून कोणत्या प्रसंगांचं चित्र काढायचं हे प्रसंग लिहून होण्याआधीच कळवावं लागे. चित्राचा विषय कळवला की तो प्रसंग अंकात आलाच पाहिजे. म्हणजे छपाईच्या आधीच लेखकाचे हात थोडे बांधले जात.

बत्तीसची तेहतीस पानं करता येत नव्हती आणि एकतीस करून चालत नव्हतं. ही अडचण किती खरी होती ते ‘डॉम्बी’च्या पहिल्याच अंकात दिसतं. १८४६च्या उन्हाळ्यात डिकन्स स्वित्झर्लंडमध्ये लोझानला राहत होता. पहिला अंक लिहून झाल्यावर तो सहा पानं जास्त भरला. डिकन्सने आधी एक अख्खं प्रकरण दुसऱ्या अंकात ढकलून त्या जागी छोटं प्रकरण लिहावं असा विचार केला. मग तो बेत सोडून मुद्रितांवरच छाटणी केली. मुद्रितांत गाळलेला हा मजकूर १९७४च्या क्लॅरेंडन आवृत्तीत संपादकाने नोंदवला आहे, तेव्हा फॉर्स्टरच्या हकिकतीला इथे स्वतंत्र आधार आहे.

उलटा प्रसंग १८४७च्या फेब्रुवारीत आला. मुक्काम आता पॅरिसला. सहाव्या अंकाचा मजकूर लंडनच्या छापखान्यात गेला आणि तो दोन पानं कमी पडतोय असं समजलं. तारायंत्राने मजकूर पाठवायची सोय नव्हती. डिकन्स स्वतः लंडनला गेला आणि तिथे बसून दोन पानं लिहून दिली. हा प्रसंग पुढे पुन्हा लागणार आहे.

मुलगा केव्हा मारायचा

‘डॉम्बी’चा आराखडा डिकन्सने २५ जुलै १८४६च्या सुमारास फॉर्स्टरला पत्राने कळवला होता. व्यापारी डॉम्बीचा लाडका मुलगा पॉल मरणार, आणि त्यानंतर बापाने दुर्लक्षिलेली मुलगी फ्लॉरेन्स कथेच्या केंद्रात येणार, हे त्यात स्पष्ट आहे. या आराखड्याला डिकन्सने रश्शाचा उकळलेला अर्क म्हटलं होतं: पुढे त्यात नाना पदार्थ पडतील. कोणते पदार्थ पडले आणि कोणते बाजूला काढले, हे अंकांच्या कागदांवरून कळतं.

पॉल पाचव्या अंकाच्या शेवटी मरतो. त्या अंकाच्या कागदावर डिकन्सने स्वतःला बजावलं आहे, की आजार केवळ मुलाच्या जाणिवेतून दिसावा, बाहेरून वर्णन करू नये. घटना काय घडणार हे सहा महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. ती कुणाच्या डोळ्यांनी सांगायची हे त्या महिन्यात ठरलं. पूर्वनियोजन आणि ऐन वेळचा निर्णय यांची वाटणी अशी होती, आणि पुढच्या बहुतेक कागदांवर ती तशीच दिसते. प्रकरण लिहून झाल्यावर डिकन्स रात्रभर पॅरिसच्या रस्त्यांवर भटकला, असं त्यानेच नंतरच्या प्रस्तावनेत लिहिलं. ही आठवण वर्षांनंतरची आहे आणि खरीही असू शकेल. कागदावर मात्र ते दुःख नाही, तिथे कथनाच्या दृष्टिकोनाबद्दल एक ओळीची सूचना आहे.

त्याच जुलैच्या पत्रात वॉल्टर या गोड मुलाला हळूहळू बिघडवत न्यावं का, असा प्रश्न डिकन्सने फॉर्स्टरला विचारला होता. तसं झालं नाही, वॉल्टर सज्जन राहिला आणि शेवटी सुखी झाला. ती कल्पना पुढे ‘ब्लीक हाउस’मधल्या रिचर्ड कार्स्टनमध्ये उतरली, असं फॉर्स्टर सांगतो. वॉल्टरला वाचवण्याची कारणं सांगण्याची गरज नाही, एवढं म्हणून तो पुढे जातो. ‘ब्लीक हाउस’मधला रिचर्ड वाचला की फॉर्स्टरचं म्हणणं पटतं, पण हा दुवा कागदोपत्री सिद्ध नाही, तो चरित्रकाराचा शब्द आहे.

एडिथची गोष्ट याहून बोलकी. डॉम्बीची दुसरी बायको एडिथ ही त्याचा कारभारी कार्कर याच्याबरोबर पळून जाते. तो अंक १८४७च्या डिसेंबरसाठी निघाला. त्याच महिन्यात एडिंबरोचे न्यायाधीश आणि जुने समीक्षक फ्रान्सिस जेफ्री यांचं पत्र आलं. एडिथ कार्करची रखेल झाली यावर विश्वास ठेवायला ते तयार नव्हते. डिकन्सने लगेच फॉर्स्टरला विचारलं, की तिने कार्करला फसवून नेलं, तिच्या मनात तसं कधीच नव्हतं, असा एक मोठा प्रसंग केला तर? पुढे छापलं गेलं ते हेच. पळून जाण्याचा प्रसंग तर वाचकांच्या घरी पोचला होता. त्यातलं काहीच हलवता येत नव्हतं. डिकन्सने त्या प्रसंगाचा अर्थ तेवढा हलवला.

बुटकी बाई आणि वकिलाचं पत्र

असंच काही ‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या वेळी घडलं, पण दबाव वेगळ्या प्रकारचा होता. १८४९च्या डिसेंबरात निघालेल्या आठव्या अंकात मिस माउचर ही बुटकी, बडबडी, जरा संशयास्पद बाई येते. ती पुढे वाईट कामात सामील होणार अशी चिन्हं त्या प्रकरणात आहेत. लंडनमध्ये डिकन्सच्या शेजारी राहणाऱ्या, हातापायांच्या नखांची निगा राखण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका ठेंगण्या बाईंनी स्वतःला त्यात ओळखलं. १८ डिसेंबरला त्यांनी डिकन्सला दुखावलेलं पत्र लिहिलं, पाठोपाठ त्यांच्या वकिलाचंही आलं. डिकन्सने माफी मागितली, पात्र बदलण्याचं कबूल केलं आणि १८५०च्या मार्चमध्ये निघालेल्या अकराव्या अंकात मिस माउचर आली ती सहृदय, दुखावलेली, डेव्हिडला जगाच्या क्रूरपणाबद्दल ऐकवणारी बाई होऊन.

ही दोन प्रकरणं आज एकाच पुस्तकात लागोपाठ वाचली की सांधा दिसतो. दोन्हींच्या मध्ये तीन महिने आणि एक कायदेशीर पत्र आहे, हे माहीत नसेल तर वाचक त्याला पात्ररेखाटनातली विसंगती म्हणेल. आठवा अंक डिकन्स मागे घेऊ शकत नव्हता. त्याने अकराव्या अंकात त्याच बाईला बोलतं केलं आणि आठव्या अंकातलं तिचं बागडणं हा समाजात वावरण्यासाठी चढवलेला मुखवटा ठरवला.

त्याच कादंबरीतल्या डोराचं मरण किती दिवस टांगणीला लागलं होतं, याची साखळी कागदोपत्री जवळपास पूर्ण आहे. डेव्हिडची ही पोरकट, लाडिक बायको. ७ मे १८५०च्या पत्रात डिकन्स फॉर्स्टरला कळवतो, की डोराबद्दल अजून ठरत नाही, पण आज ठरवलंच पाहिजे. ती मरते सतराव्या अंकात, म्हणजे सप्टेंबरच्या अंकात. त्या अंकाच्या कागदावर ती या अंकात मरणार का असा प्रश्न आहे आणि उत्तर होकारार्थी आहे, अंकाच्या शेवटी. मधल्या काळात, १६ ऑगस्टला डिकन्सला मुलगी झाली आणि तिचं नाव डोरा ठेवलं गेलं. २१ ऑगस्टला ब्रॉडस्टेअर्सहून बाळंतीण पत्नी कॅथरीनला लिहिताना, डोराला मारायचं अजून बाकी आहे असं लिहून त्याने लगेच खुलासा केला: म्हणजे कॉपरफील्डच्या डोराला.

हे पत्र चरित्रकारांना फार आवडतं, कारण त्याच्यावर पुढच्या घटनेची सावली पाडता येते: ती मुलगी १८५१च्या एप्रिलमध्ये, आठ महिन्यांची होण्याच्या आतच वारली. पण ऑगस्टमधल्या डिकन्सला एप्रिल माहीत नव्हता. साधार लिहायचं तर पत्र त्या दिवसापाशीच थांबवावं लागतं. त्या दिवशी ते एका दमलेल्या माणसाचं पत्र आहे. अंक संपत नाही, घरी कधी येता येईल सांगता येत नाही, आणि मेमध्ये घेतलेल्या निर्णयाची प्रत्यक्ष पानं अजून लिहायची आहेत.

साडेसात पानांचा हिशेब

१८५४च्या सुरुवातीला डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकाचा खप उतरत होता. संपादकानेच कादंबरी लिहून तो सावरावा असं ठरलं. तोवर डिकन्सला महिन्याच्या अंकाची सवय पक्की झाली होती. आता आठवड्याला लिहायचं होतं. त्या वेळच्या टाचणाच्या कागदावर पात्रांच्या आधी आकडेमोड येते. ‘ब्लीक हाउस’चा सोळापानी एक फर्मा म्हणजे या साप्ताहिकाची सव्वादहा पानं. त्या फर्म्याला हस्ताक्षरातली पंधरा पानं लागतात. म्हणजे साप्ताहिकाच्या एका पानाला हस्ताक्षरातलं दीड पान. दर आठवड्याला साप्ताहिकाची पाच पानं द्यायची, तेव्हा आपल्या हातची साडेसात.

हा हिशेब झाल्यावर त्याने नावांची यादी केली. २० जानेवारी १८५४ला चौदा नावं फॉर्स्टरला गेली. दोघांनी आपापली तीन-तीन निवडली आणि दोन्ही निवडींत समान निघालं ते ‘हार्ड टाइम्स’. कादंबरी १ एप्रिल ते १२ ऑगस्ट या काळात छापली गेली. लिहिताना जागेच्या टंचाईने डिकन्स बेजार झाला होता. मासिक अंकात कोपर हलवायला तरी जागा असते, इथे चिरडायला होतं, अशी त्याची फॉर्स्टरकडे तक्रार आहे. गंमत अशी, की साप्ताहिकासाठी लिहितानाही त्याने टाचणं केली ती पाच मासिक अंकांच्या हिशेबाने. आठवड्याचे तुकडे त्याने मागाहून पाडले. हाताला जे माप बसलं होतं ते त्याने सोडलं नाही.

साप्ताहिकाच्या या घाण्याची मराठी वाचकांना ओळख आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ सुरू केलं आणि १९१७पर्यंत चालवलं. ‘पण लक्षात कोण घेतो’ याच साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. संपादक आणि कादंबरीकार एकच असला की अंक भरण्याची जबाबदारी आणि कथा पुढे नेण्याची जबाबदारी एकाच माणसाच्या डोक्यावर येते. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, त्यांचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही. क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबरीचे गुणदोष पुष्कळदा लेखकाच्या प्रकृतीइतकेच प्रकाशनाच्या वेळापत्रकात असतात.

वयं, भरती आणि मागचे धागे

उजव्या भागातल्या नोंदी नीट वाचल्या की आणखी एक गोष्ट दिसते. प्रकरणात काय आहे हे तिथे लिहिलेलं असतं, पण ते नेहमीच लिहिण्याआधीचं नसतं. बरेचदा प्रकरण लिहून झाल्यावर त्याचा सारांश तिथे उतरवलेला असतो. म्हणजे एकाच कागदाचा डावा भाग पुढचं पाहतो आणि उजवा भाग, पुष्कळदा, झालेल्याची नोंद ठेवतो. एकोणीस महिने चालणाऱ्या कथेत, सहाव्या महिन्यात कोण कुठे होतं हे शोधायला दर वेळी जुने अंक चाळण्यापेक्षा हे सोयीचं होतं. ‘लिटल डॉरिट’ संपवताना डिकन्सने याच्या पुढची पायरी गाठली. शेवटच्या जोड अंकाआधी त्याने मागच्या अंकांत पसरलेले धागे वेचून त्यांची स्वतंत्र टाचणं केली, कुणाची गुपितं कुणाला ठाऊक आहेत याचा मेळ घातला.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) ही ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात आली. तिचे अंकवार कागद नाहीत, पण हस्तलिखिताबरोबर मोजकी टाचणं उरली आहेत. त्यांत दोन हिशेब आहेत. एक थेम्स नदीच्या भरती-ओहोटीचा: कैदी मॅग्विचला बोटीने पळवून न्यायच्या वेळी पाणी कुठल्या बाजूला वाहत असेल. दुसरा वयांचा: कथेच्या अखेरच्या टप्प्यात नायक पिप, एस्टेला आणि हर्बर्ट तेवीसच्या आसपास, मॅग्विच साठ, जो पंचेचाळीस, आणि मिस हॅविशम ५६ वर्षांची. नाटका-चित्रपटांनी तिला जख्ख म्हातारी करून टाकलं आहे. डिकन्सच्या कागदावर ती साठीच्या आतली बाई आहे. लग्न मोडल्यावर घरात कोंडून घेऊन पंचवीस वर्षं उन्हात न गेल्याने ती पिपच्या नजरेला तशी दिसते. हे कळलं की तिच्या म्हातारपणाची जबाबदारी वयाकडून तिच्या हट्टाकडे सरकते, आणि ती व्यक्तिरेखा अधिक भयंकर होते.

याच कादंबरीचा शेवट डिकन्सने १८६१च्या जूनमध्ये, कादंबरीकार बुलवर-लिटन यांच्या सल्ल्यावरून बदलला. पिप आणि एस्टेला यांची कायमची ताटातूट होणारा आधीचा शेवट फॉर्स्टरच्या चरित्रामुळे वाचला. बदल शक्य झाला, कारण अखेरचे हप्ते ऑगस्टच्या आरंभी छापले जाणार होते. जे छापून गेलं नव्हतं तेवढ्यावरच डिकन्सची सत्ता होती.

आठवण आणि कागद

‘अवर म्युच्युअल फ्रेंड’च्या वेळी, १८६४ साली, पहिला अंक निघण्यापूर्वी पाच अंक हाताशी हवेत असा डिकन्सचा आग्रह होता. तरुणपणी तो इतका सावध नव्हता. हा साठा काही महिन्यांतच आटला. ९ जून १८६५ला केंटमधल्या स्टेपलहर्स्ट इथे त्याची आगगाडी पुलावरून घसरली, दहा माणसं मेली. जखमींना मदत करून झाल्यावर तो लटकलेल्या डब्यात पुन्हा चढला आणि कादंबरीच्या नव्या अंकाचं हस्तलिखित घेऊन आला. डब्यातल्या पात्रांच्या सुटकेचा उल्लेख त्याने कादंबरीच्या उपसंहारात केला आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने फॉर्स्टरला लिहिलं, की सोळावा अंक अडीच पानं कमी भरला, आणि असं ‘पिकविक’ या पहिल्या कादंबरीनंतर कधी झालं नव्हतं. अपघाताने तो किती हादरला होता याचा पुरावा म्हणून हे पत्र दिलं जातं, आणि ते योग्यही आहे. पण वाक्याचा दुसरा भाग खरा नाही. १८४७मध्ये दोन पानांसाठी पॅरिसहून लंडनला धावणारा डिकन्स आपण आधी पाहिला. दोन्ही गोष्टी फॉर्स्टरच्याच चरित्रात, वेगवेगळ्या खंडांत आहेत. डिकन्स खोटं बोलत होता असं म्हणायचं कारण नाही. अठरा वर्षांपूर्वीची धावपळ तो विसरला आणि आपण कधी कमी पडलो नाही अशी स्वतःची प्रतिमा उरली. लेखक आपल्या कामाच्या रीतीबद्दल सांगतो ते बहुधा असंच असतं: प्रामाणिक, आणि कागदाशी न जुळणारं.

१८६९च्या डिसेंबरात ‘एडविन ड्रूड’चे पहिले दोन अंक मिळून बारा पानं कमी आहेत असं मुद्रकाने कळवलं. डिकन्सने दुसऱ्या अंकातलं एक प्रकरण उचलून पहिल्यात घातलं आणि दुसऱ्यासाठी नवा मजकूर लिहिला. तीस वर्षं अंगवळणी पडलेलं माप आता चुकत होतं. खोडाखोड वाढली की हातच्या पानांवरून छापील पानांचा अंदाज बांधणं अवघड होतं, हे एक कारण असावं. थकवा हे दुसरं. तब्येतीची शंका त्यालाही होती. लेखक मध्येच गेला किंवा लिहिता राहिला नाही तर प्रकाशकाला भरपाई कशी द्यायची, याचं कलम या कादंबरीच्या करारात त्याच्याच इच्छेने घातलं गेलं.

९ जून १८७०ला तो वारला तेव्हा या कादंबरीसाठी ठरलेल्या बारापैकी तीन अंक निघाले होते आणि सहाव्यापर्यंत मजकूर तयार होता. तो सहावाही दोन पानं कमीच. तेव्हापासून आजवर असंख्य लोकांनी ड्रूडचं काय झालं याचा छडा लावायचा प्रयत्न केला, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी हे कामाचे कागदही पालथे घातले. त्यांत उत्तर नाही. फॉर्स्टर सांगतो, की मामा आपल्या भाच्याचा, म्हणजे ड्रूडचा, खून करतो असं डिकन्सने त्याला सांगितलं होतं. पण तीही तोंडी साक्ष आहे.

कागदांत उत्तर का नाही, हे आधीच्या तेवीस वर्षांचे कागद वाचलेल्याला कळतं. कथेचा शेवट कुठे होणार हे डिकन्स डोक्यात ठेवी, फार तर मित्राला सांगे. कागदावर येई ते फक्त पुढच्या अंकापुरतं: या ३२ पानांत कुणाला आणायचं, कुणाला थांबवायचं, आणि वाचकांच्या हातात गेलेल्या मजकुराला न दुखवता त्याचा अर्थ कसा वळवायचा. एडिथचं पळून जाणं आणि मिस माउचरचं बागडणं छापून झालं होतं, तरी दोन्ही कादंबऱ्या त्यानंतर बदलल्या. प्रतिभा आणि शिस्त यांतलं श्रेष्ठ काय, असा वाद डिकन्सबद्दल नेहमी घातला जातो. या कागदांवर तरी त्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. त्याला जे उत्तम सुचलं त्यातलं बरंचसं परतीची वाट बंद झाल्यावर सुचलं आहे, आणि ती वाट दर महिन्याच्या अखेरीला बंद होत होती.